गोष्टीची पुस्तकं माळ्यावर, गणित होतं तिथेच

नागपुरात मानेवाड्याकडे राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या घरीच ब्लाऊज शिवतात, त्यांचे मिस्टर बुटीबोरीला कंपनीत आहेत. मुलगी आठवीत, शाळा मराठी, पण पाचवीपासून सेमी. तिला वाचनाचं भयंकर वेड आहे. वाचनालयातली पुस्तकं, शेजारच्यांचे दिवाळी अंक, आजीची पोथी, काहीही चालतं. सहामाहीत गणितात ५० पैकी १७ मिळाले आणि घरात भडका उडाला. वडिलांनी गोष्टीची सगळी पुस्तकं सुतळीने बांधून माळ्यावर टाकली, वाचनालयाची वर्गणी बंद केली आणि आधीच्या शिकवणीवर दुसरी शिकवणी लावली. "दहावी होईपर्यंत गोष्टी बंद. गोष्टी वाचून कोणी इंजिनिअर झालं नाही," असं त्यांचं म्हणणं. दोन महिने होत आले. गणित हललेलं नाही, पोरगी मात्र घरात बोलेनाशी झाली आहे. परवा ती गॅलरीत बसून किराण्याच्या पुडीचा कागद वाचताना दिसली. ताई विचारतात, पुस्तकं बंद केली यात आमचं चुकलं का, की थोडं कडक राहायलाच हवं? "मलाही दहावीला गणितात काठावर मार्क होते. तिच्यात माझंच रक्त उतरलं, मी तिला काय शिकवणार?" पत्रासोबत त्यांनी उत्तरपत्रिकेच्या दोन पानांचे फोटोही पाठवले आहेत.

ताई, नमस्कार.

पुस्तकं माळ्यावरून खाली काढा. याच आठवड्यात. पुढचं सगळं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण हे आधी करा, आणि करताना अट घालू नका. "पुढच्या परीक्षेत तीस आणलेस तर" असं काही म्हणायचं नाही. अट घातली की पुस्तक बक्षीस होतं आणि गणित शिक्षा होते. शिक्षेवर प्रेम करणारं पोर मी तरी पाहिलेलं नाही.

तुमच्या मिस्टरांचा मला राग आलेला नाही, हे त्यांनाही सांगा. बुटीबोरीला रोज जाऊन येणाऱ्या माणसाला कोणाची बढती कुठल्या कागदावर अडते हे आपल्यापेक्षा जास्त दिसतं. डिप्लोमा असो, सीईटी असो की तलाठ्याची भरती, गणिताचे प्रश्न सगळीकडे उभेच असतात. पोरीने तिथे अडकू नये, ही त्यांची काळजी रास्त आहे. फक्त त्यांनी एक हिशेब न तपासता धरून ठेवला आहे: वाचनातला एक तास कापला की तो आपोआप गणिताच्या खात्यात जमा होतो. तसं होत नाही, याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे. दोन महिने वाचन शून्य आणि गणित जसंच्या तसं.

आता त्या दोन पानांकडे येते. ती मी बराच वेळ पाहत बसले होते, कारण तुमच्या सगळ्या पत्रात सर्वात जास्त बोलतात ती हीच पानं.

पहिलं उदाहरण सवलतीचं. वस्तूची छापील किंमत १२५० रुपये, दुकानदार २० टक्के सूट देतो, तर गिऱ्हाईक किती पैसे देईल? तुमच्या लेकीने १२५० चे २० टक्के काढले, २५० आले, खाली दोन रेघा मारल्या आणि पुढच्या प्रश्नाकडे गेली. आकडेमोड चोख. पण २५० ही सूट झाली, विचारलं होतं ते गिऱ्हाइकाच्या खिशातून गेलेल्या पैशांबद्दल. एक वजाबाकी राहिली. १००० लिहिलं असतं तर पूर्ण मार्क होते.

दुसरं उदाहरण असं: तीन क्रमागत सम संख्यांची बेरीज ७८ आहे, तर त्या संख्या कोणत्या? हिने पहिली संख्या एक्स धरली, मग एक्स अधिक १, मग एक्स अधिक २. समीकरण नीट मांडलं, नीट सोडवलं, उत्तर आलं २५, २६, २७. बेरीज करून पाहिली, ७८ भरली, पोरगी खूश. बिचारीला शंका यायचं काही कारणच नव्हतं. फक्त 'सम' हा एक शब्द तिने वाचलाच नाही. २४, २६, २८ हवं होतं.

ताई, जी मुलगी पुडीचा कागदही सोडत नाही, तिच्या दोन्ही चुका वाचण्याच्या आहेत, गणिताच्या नाहीत. हे तुमच्या घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही, आणि दोन शिकवण्यांतही आलेलं दिसत नाही.

तिसरी चूक मात्र खरी आहे, ती झाकून ठेवत नाही. एक्स वर्ग अधिक ५ एक्स अधिक ६ याचे अवयव तिने (एक्स + ५)(एक्स + ६) असे लिहिले आहेत. इथे तिला गुणाकार आणि बेरजेचं आतलं नातं कळलेलं नाही. ज्यांचा गुणाकार ६ आणि बेरीज ५, अशा दोन संख्या शोधायच्या असतात, म्हणजे २ आणि ३. समोरचे आकडे उचलून कंसात ठेवायचे नसतात. कंस पुन्हा गुणून पाहायची सवय असती तर ६ च्या जागी ३० आलेले दिसले असते. हे शिकवावं लागेल, सराव लागेल. पण १७ मार्कांचं सगळं खापर या एका प्रकारच्या चुकीवर फोडता येत नाही.

मग एवढी वाचणारी मुलगी गणितात वाचायला का चुकते? मला दोन कारणं दिसतात.

एक तर ती फार वाचते आणि भराभर वाचते. गोष्ट वाचताना तेच बरोबर असतं. नायिका कुठल्या रंगाची साडी नेसून आली हा शब्द निसटला तरी काही बिघडत नाही, कारण लेखक महत्त्वाची गोष्ट तीन ठिकाणी तीन प्रकारे सांगतो. गणिताचं पुस्तक एकदाच सांगतं, तेही अर्ध्या ओळीत. गोष्टीचं पान दीड मिनिटात उलटतं, गणिताच्या एका पानाला अर्धा तास लागला तरी तो नीट लागलेला अर्धा तास असतो, आणि हातात पेन्सिल नसेल तर तेही वाचन नव्हे. वाचनाचे हे दोन वेग आहेत. तुमच्या लेकीला पहिला उत्तम येतो. दुसरा तिला कोणी शिकवलाच नाही, कारण शाळेत भाषेचे सर वाचायला शिकवतात आणि गणिताचे सर सोडवायला. गणित वाचायचं कसं, हा तास वेळापत्रकातच नसतो.

खरं तर हा वेग तुम्हाला चांगला ठाऊक आहे. गिऱ्हाइकाचं महागाचं कापड समोर आलं की कात्री लावण्याआधी तुम्ही वहीतलं माप पुन्हा वाचता, टेप पुन्हा लावता, अस्तर धुतलेलं आहे ना बघता. तिथे घाई केली तर भरून द्यावं लागतं. उदाहरणाला हात घालण्याआधी लेकीने एवढंच करायचं आहे.

दुसरं कारण तुमच्या पत्रात जाता जाता आलं आहे: पाचवीपासून सेमी. म्हणजे ही मुलगी वाचते मराठीत, विचार करते मराठीत, आणि गणिताचा प्रश्न तिच्यासमोर येतो इंग्रजीत. 'सम' साठी तिच्या पेपरात जो 'ईव्हन' शब्द आहे, तो इंग्रजीच्या धड्यात तिला 'सुद्धा' या अर्थाने भेटलेला असतो. तिने तो तसाच ओलांडला असेल तर मला नवल वाटणार नाही. सेमी वाईट असं मी म्हणत नाही. पुढे विज्ञान शाखेला गेलेल्या मुलांना त्याचा उपयोग होतो, हे खरं आहे. पण सेमीत घालताना आपण एवढंच बघतो की पोराला इंग्रजी आकडे आणि संज्ञा येतात का. प्रश्नातली जोडणारी किरकोळ भाषा, 'किमान', 'अनुक्रमे', 'च्या पेक्षा कमी', 'उरलेल्यापैकी', ही त्याला कळते का, हे कोणी विचारत नाही. उदाहरण अडतं ते बहुतेक वेळा इथेच.

यावर उपाय स्वस्त आहे. बालभारतीचं आठवीचं गणित मराठी माध्यमातही निघतं. प्रकरणं तीच, सरावसंच तेच. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून त्याची पीडीएफ फुकट उतरवून घेता येते. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवा. आधी इंग्रजी प्रश्न वाचायचा, तो आपल्या शब्दांत मराठीत सांगायचा, मग मराठी पुस्तकाशी ताडून बघायचं, काय निसटलं ते. रोज दोनच उदाहरणं, आणि ती सोडवायची सक्ती नाही. महिनाभर हे केलं तर सवलतीच्या उदाहरणात सूट विचारली आहे की विक्री किंमत, हे तिला न सांगता दिसायला लागेल. उत्तर आलं की खाली रेघ मारण्याआधी प्रश्नाची शेवटची ओळ पुन्हा वाचायची, ही एक सवय मात्र आजपासून.

आता तुमच्या रक्ताबद्दल.

तुमच्या जागी दुसरं कोणी असतं तर मी पटकन लिहिलं असतं, "ताई, तुम्ही दिवसभर गणितच तर करता." हे वाक्य हल्ली फार ऐकू येतं, ऐकायला गोडही लागतं, पण ते अर्धंच खरं आहे. ब्राझीलमध्ये रेसिफे नावाचं शहर आहे. तिथे रस्त्यावर नारळ, फळं विकणाऱ्या मुलांवर केलेला एक अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधक गिऱ्हाईक बनून गेले. सौदा करताना या मुलांचे हिशेब शंभरातले ९८ बरोबर निघाले. मग तेच हिशेब त्यांना कागदावर दिले. गोष्टीच्या रूपात दिले तेव्हा साधारण ७४ टक्के बरोबर आले, आणि नुसते आकडे मांडून दिले तेव्हा ३७ टक्के. ३५ ला एक नारळ, तर चार नारळांचे किती? बारा वर्षांच्या मुलाने रस्त्यावर तोंडी सांगितलं, तिनाचे १०५, त्यात ३० मिळवले की १३५, आणखी ५, झाले १४०. त्याच मुलाला कागदावर ३५ गुणिले ४ दिलं, तर हातचा आधीच मिळवून त्याने उत्तर काढलं २००. दोनशे! रस्त्यावर त्याला कोणी चार नारळांचे दोनशे सांगितले असते तर तो हसला असता.

आपल्याकडेही कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवर असाच मोठा अभ्यास झाला. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे अर्थशास्त्रज्ञ त्यात होते, तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. बाजारातली मुलं तोंडी हिशेबात तरबेज, शाळेच्या गणितात अडखळणारी. शाळेतली मुलं नेमकी उलट. एकीकडचं दुसरीकडे आपोआप जात नाही. म्हणून तुम्हाला शिवणाचं गणित येतं याचा अर्थ तुम्हाला बीजगणित येतं असं होत नाही, आणि मी तशी खोटी समजूत घालणार नाही. पण रक्ताचाही त्यात काही संबंध नाही. त्या मुलाचं रक्त रस्त्यावर आणि कागदावर एकच होतं.

त्या आकड्यांतली मधली पायरी मला फार महत्त्वाची वाटते. नुसत्या आकड्यांना ३७ आणि गोष्टीला ७४. गोष्ट आली की आकड्यांना अर्थ येतो आणि दोनशे नारळवाल्याला खटकतात. गोष्टींमुळे गणित मागे पडतं, या तुमच्या घरातल्या समजुतीशी हे कसं जुळवायचं, ते मिस्टरांना एकदा विचारा. भांडण न करता.

मग तुम्ही करायचं काय? गृहपाठाला शेजारी बसू नका. हे विचित्र वाटेल, पण याला आधार आहे. अमेरिकेत पहिली-दुसरीच्या मुलांवर केलेल्या आणि २०१५ मध्ये आलेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की ज्या पालकांना स्वतःला गणिताची धास्ती आहे, ते गृहपाठात जितके जास्त घुसले, तितकी त्यांची मुलं वर्षभरात गणितात कमी पुढे गेली आणि त्यांच्यातही ती धास्ती उतरली. त्याच वर्षी, त्याच मंडळींचा दुसरा अभ्यास आला. त्यात पालक आणि मुलं रात्री झोपताना गणिताची छोटी गोष्ट एकत्र वाचायचे आणि तिच्याखालच्या प्रश्नांवर बोलायचे. याचा सर्वात जास्त फायदा झाला तो धास्तीवाल्या पालकांच्याच मुलांना. ती मुलं सहा-सात वर्षांची होती, तुमची तेरा-चौदाची आहे, तेव्हा जसंच्या तसं लागू करू नका. पण दिशा कळते. तिची मास्तरीण होऊ नका, तिच्या बरोबरीने वाचणारी व्हा. आणि "मला नाही जमलं, तुला काय जमणार" हे वाक्य घरातून हद्दपार करा. ते तुम्ही नम्रतेने म्हणता, तिला ते निकालासारखं ऐकू येतं.

तुमच्याकडे तिला द्यायला एक गोष्ट आहे, आणि ती शिकवणीवाल्या सरांकडे नाही. छातीच्या मापाचा चौथा भाग घेऊन त्यात तुम्ही तुमचं मार्जिन मिळवता आणि कापडावर खूण करता. गिऱ्हाईक ३४ चं आलं तर साडेआठ अधिक मार्जिन, ३६ चं आलं तर नऊ अधिक मार्जिन, ४० चं आलं तर दहा अधिक मार्जिन. माणूस बदललं, माप बदललं, रीत तीच राहिली. लेकीला शेजारी बसवून विचारा, येणाऱ्या प्रत्येक बाईसाठी चालेल अशी ही रीत एका ओळीत कशी लिहिशील? ती थोडी अडेल. मग एक्स भागिले चार, अधिक अमुक, असं काहीतरी लिहील. तेव्हा बहुधा तिला पहिल्यांदा जाणवेल की तो एक्स म्हणजे अजून दारात न आलेलं गिऱ्हाईक आहे. बाजारातलं गणित आणि वहीतलं गणित आपोआप जोडलं जात नाही असं वर म्हटलं ना, ते जोडायचं काम असं शेजारी बसून करावं लागतं.

माळ्यावरची पुस्तकं खाली आली की त्यात थोडी भर घाला. वाचनवेड्या मुलीला गणिताच्या सरावसंचापेक्षा गणिताच्या गोष्टी आधी द्याव्या. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'लीलावती' लिहिली, तिची मराठी भाषांतरं मिळतात. त्यातलं भुंग्यांचं उदाहरण आठवीच्या मुलीला सहज झेपतं. भुंग्यांच्या थव्यातला पाचवा हिस्सा कदंबाकडे गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलाकडे, या दोहोंतल्या फरकाच्या तिप्पट भुंगे कुटजाकडे, आणि एक भुंगा केतकी आणि मालतीच्या वासाने वेडा होऊन मध्येच घिरट्या घालत राहिला. तर एकूण भुंगे किती? उत्तर पंधरा. तिला मात्र ते सांगू नका. इथे 'फरकाच्या तिप्पट' हे चार वेळा वाचावंच लागतं, नाहीतर भुंग्यांचे तुकडे होतात. सावकाश वाचायला शिकवणारं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट दत्तात्रेय कापरेकरांची. देवळालीला शाळेत शिकवणारे हे गृहस्थ, आकड्यांशी खेळत बसायचे. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. ३५२४ घेतलं तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आणि ६१७४ चं पुन्हा केलं तरी ६१७४ च. सात पायऱ्यांच्या आत प्रत्येक संख्या इथेच येऊन थांबते. जगभर याला कापरेकर स्थिरांक म्हणतात. हे मिस्टरांना करायला सांगा, त्यांच्या गाडीच्या नंबरावर. वजाबाकी चुकली तर पोरीला ती पकडू द्या. बापाची वजाबाकी पकडण्यातला आनंद कुठल्याही शिकवणीत मिळत नाही.

आणि एका रविवारी तिला बर्डीकडे न्या, झिरो माईलला. मेट्रोचं स्टेशन शेजारीच आहे. आपण नागपूरकर तिथून हजारदा जातो आणि "हा देशाचा मध्यबिंदू" एवढं सांगून मोकळे होतो. पण थांबून तो दगड वाचा. जीटीएस (म्हणजे ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हे, इंग्रजांनी केलेली देशाची मोजणी), १९०७, आणि समुद्रसपाटीपासून उंची १०२०.१७१ फूट. लेकीला विचारा, दशांश चिन्हापुढे तीन अंक कशाला? फुटाचा हजारावा भाग म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, आणि माणसं केसभर फरकाचा हिशेब ठेवत होती. खांबावर जबलपूर १७० मैल, हैदराबाद ३१८ मैल असे आकडे आहेत. त्यांचे किलोमीटर करून मोबाईलच्या नकाशाशी ताडून बघायला सांगा. फरक येईल, मग का आला यावर घरी येईपर्यंत बोलणं होईल. आणि मध्यबिंदू म्हणजे नेमका कशाचा, कोणत्या नकाशाचा, हाही चांगला प्रश्न आहे, कारण १९०७ चा नकाशा आजचा नव्हे. ज्या सर्वेक्षणाचं नाव त्या दगडावर आहे, ते १८०२ मध्ये मद्रासजवळून सुरू करणारा विल्यम लॅम्ब्टन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. इतिहास, भूगोल, गणित, तिन्ही एका दगडात, आणि तिन्ही वाचूनच कळतात.

"गोष्टी वाचून कोणी इंजिनिअर झालं नाही" या वाक्यावर मला दीक्षाभूमी आठवली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथे पुस्तकांचे स्टॉल लागतात, आणि खेड्यापाड्यातून आलेली माणसं परतताना पिशवीत पुस्तकं घालून नेतात. वाचून काय होतं, हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही. बाबासाहेबांचं ग्रंथवेड आपण सगळे सांगतो. पण लंडनला त्यांनी जी डॉक्टरेट मिळवली ती रुपयाच्या प्रश्नावर होती, १९२३ मध्ये तो ग्रंथ छापून आला आणि त्यात आकड्यांची कोष्टकं भरलेली आहेत. वाचणारा माणूस वेगळा आणि आकडेवाला माणूस वेगळा, ही वाटणी नेमकी कोणी केली?

शिकवणीचं थोडक्यात सांगते. दोनपैकी एक बंद करा. कोणती, ते तिला ठरवू द्या. जी उरेल त्या सरांना भेटून नेमकं सांगा, अवयव पाडणं कच्चं आहे, आणि शाब्दिक उदाहरणं तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. "गणित कच्चं आहे, लक्ष द्या" एवढंच म्हणालात तर तेही आणखी एक सरावसंच देतील.

हेच दुखणं असलेल्या इतरांसाठी एक सावधगिरी. आठवीतल्या मुलाला घड्याळ वाचता येत नसेल, सुट्टे पैसे मोजताना गोंधळ होत असेल, ३९ आणि ९३ यात मोठी कोणती हे थांबून ठरवावं लागत असेल, तर प्रश्न वाचनाच्या वेगाचा नाही. अशा मुलांची अध्ययन अक्षमतेसाठी तपासणी करून घ्यावी. प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत सवलती असतात, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आणि ज्यांची मुलं गणितात हुशार पण पुस्तकाला हात लावत नाहीत, त्यांनी वर सुटकेचा निःश्वास टाकला असेल तर तो परत घ्या. नववी-दहावीत उदाहरणं लांबत जातात, तेव्हा ही मुलं वेगळ्या ठिकाणी अडतात.

एक गोष्ट मात्र खटकली ती खटकलीच. तुमच्या चार पानी पत्रात मिस्टर बोलतात, सासूबाई बोलतात, शिकवणीचे सर बोलतात, तुम्ही बोलता. लेक एकदाही बोलत नाही. इंजिनिअर कोणाला व्हायचं आहे, तिला की घराला, हे पत्रातून कळत नाही. तिला आठवीतच ते ठरवायला लावू नका, पण विचारून तरी बघा. गणितात तिला नेमकं काय अवघड जातं, हे तिने कोणाला सांगितलं आहे का? पुस्तकं खाली काढाल त्या दिवशीच हे विचारू नका, नाहीतर तिला तो सौदा वाटेल. दोन-चार दिवस जाऊ द्या. शिवताना, बटणं लावून घेताना, हात कामात असताना विचारा. समोर बसवून विचारलेल्या प्रश्नाला या वयात "काही नाही" एवढंच उत्तर मिळतं.

वार्षिक परीक्षेत लगेच पस्तीस-चाळीसची अपेक्षा धरू नका. पेपर घरी आला की मार्कांकडे बघण्याआधी तिला चुकांच्या तीन ओळी करायला सांगा: वाचण्यात चुकलं, आकडेमोडीत चुकलं, कळलंच नव्हतं. पहिली ओळ छोटी झाली असेल तर योग्य रस्त्यावर आहात, मार्क काहीही असोत. तिसरी ओळ लांबली असेल तर मात्र सुट्टीत आठवीचं पुस्तक पहिल्या प्रकरणापासून पुन्हा काढावं लागेल, कारण नववीचं बीजगणित त्याच्यावरच उभं राहतं. तो पेपर मला पाठवायचा असेल तर जरूर पाठवा, पण तिला विचारून.